पाणी कुठवर आलं होतं?

आपत्तीत काय करायचं, हे शिकायला देशभरातून माणसं नागपूरला येतात. सिव्हिल लाइन्समधलं राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय १९५७ साली 'सेंट्रल इमर्जन्सी रिलीफ ट्रेनिंग इन्स्टिट्यूट' या नावानं सुरू झालं. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय इथलंच आणि एनडीआरएफची अकादमीही इथलीच. एवढ्या संस्था गावात असूनही नागपूरकराच्या मनात आपत्ती ही कायम दुसऱ्यांची गोष्ट राहिली. समुद्र शेकडो किलोमीटर लांब, भूकंपाच्या नकाशावर आपण सगळ्यात खालच्या श्रेणीत, आणि नदी म्हणाल तर नाग. जिच्यावरून शहराचं नाव पडलं असं सांगतात आणि जिला रोजच्या बोलण्यात सर्रास नाला म्हणतात, ती. 'आपल्याकडे काही होत नाही बाप्पा' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. किल्लारीच्या भूकंपावेळी ऐकलं, माळीणच्या दरडीवेळी ऐकलं, २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर बुडालं तेव्हाही ऐकलं.

२०२३ साली २१ सप्टेंबरला घरोघरी महालक्ष्म्या आल्या. पश्चिम महाराष्ट्रात ज्यांना गौरी म्हणतात त्या विदर्भातल्या महालक्ष्म्या म्हणजे घरातलं वर्षाचं सगळ्यात मोठं कार्य. ज्येष्ठा-कनिष्ठेला साड्या नेसवायच्या, समोर धान्याच्या राशी, वर फुलोरा, सोळा भाज्या, आंबील, पुरण. पूजन २२ तारखेला, शुक्रवारी झालं. पंगती उठल्या, भांडी घासून पालथी पडली, दमलेली माणसं आडवी झाली. विसर्जन दुसऱ्या दिवशी होतं. मध्यरात्रीनंतर पाऊस सुरू झाला आणि जेमतेम चार तासांत १०० मिलिमीटरच्या वर कोसळला. त्यातला बराचसा दोन ते चारच्या दरम्यान. अंबाझरी तलाव आधीच काठोकाठ होता.

माझी आत्या अंबाझरीच्या खालच्या अंगाला, तळमजल्यावर राहते. तिला जाग आली ती पावसाच्या आवाजानं नव्हे. देवघराजवळ ठेवलेली आंबिलीची पातेली एकमेकींवर आपटत होती. तिला वाटलं, मांजर शिरलं. पलंगावरून पाय खाली टाकला तर पाणी पोटरीला लागलं. लाइट गेलेली. "अहो, उठा, घरात पाणी येऊन राह्यलं," असं ती फुफाजींना म्हणाली, तर ते म्हणाले, "टाकी वाहत असेल, बघतो सकाळी." पुढच्या काही मिनिटांत फ्रिज आडवा होऊन तरंगायला लागला. तळमजल्यावर राहणाऱ्या बहुतेकांना फ्रिज तरंगतो हे त्या दिवशीच कळलं.

दोघं जिन्यावर पोचली. मग आत्या परत खाली उतरली, महालक्ष्म्यांचे मुखवटे आणायला. सासूकडून आलेले पितळी मुखवटे. फुफाजी वरून ओरडत होते आणि ही कमरेएवढ्या पाण्यात, हातात मोबाइलचा उजेड धरून, साड्यांच्या पिना काढत होती. मी नंतर तिला विचारलं, दागिन्यांचा डबा का नाही घेतला? तिला प्रश्नच समजला नाही. "अरे, त्या पाहुण्या होत्या नं घरात," ती म्हणाली.

उजाडलं तेव्हा डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी, अंबाझरी ले-आउट, शंकरनगर, गांधीनगर, पुढं रामदासपेठेपासून सीताबर्डीपर्यंत सगळं नागनदीच्या ताब्यात होतं. मोरभवनच्या बसस्थानकात बसगाड्या बुडाल्या होत्या. पंचशील चौकातल्या पुलाचं नुकसान झालं. एका मूकबधिर शाळेतली सुमारे ७० मुलं आणि एलएडी महाविद्यालयाच्या वसतिगृहातल्या मुली यांची सुटका करावी लागली. एनडीआरएफ, एसडीआरएफ आणि शेवटी लष्करही उतरलं. चार माणसं गेली, त्यांत वृद्ध स्त्रिया होत्या. सुमारे १०,००० घरांत पाणी शिरल्याचं सरकारी पातळीवरच सांगण्यात आलं.

आता याला नैसर्गिक आपत्ती म्हणायचं का? पावसापुरतं, हो. पण हवामान खात्याच्या दप्तरात जुलै १९९४ मधला एक दिवस आहे, ज्या दिवशी नागपुरात ३०४ मिलिमीटर पाऊस पडला. तो दिवसभरात पडला आणि २०२३ चा चार तासांत, हा फरक मोठा आहे, मान्य. तरीही १९९४ पाहिलेली माणसं भेटली की ती पावसाबद्दल बोलतच नाहीत, मधल्या तीस वर्षांत काय काय बांधलं गेलं त्याबद्दल बोलतात. अंबाझरीचा बांध एकोणिसाव्या शतकातला, मातीचा. तलाव भरला की पाणी सांडव्यावरून उतरतं आणि नागनदीच्या पात्रात जातं. त्या पाण्याला पसरायला आधी मोकळी जागा होती. आता सांडव्यासमोर विवेकानंदांचं स्मारक आहे, पुढं पात्र आवळलेलं आहे, त्यावर कमी उंचीचे पूल आहेत, आणि काठावर संरक्षक भिंतीला खेटून घरं आहेत. पूरग्रस्त रहिवासी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेले, तिथं याच गोष्टींवर सुनावण्या झाल्या. स्मारक सांडव्यासमोर कसं उभं राहिलं, हा प्रश्न नागरिकांनी विचारला तेव्हाच अनेकांनी पहिल्यांदा सांडवा नावाची वस्तू नीट पाहिली.

आणि सिमेंटचे रस्ते. हे नागपूरबाहेरच्यांना सांगावं लागतं. जुना डांबरी रस्ता न खरडता त्यावर सिमेंटचा जाड थर चढवला की रस्ता घराच्या जोत्यापेक्षा वर जातो. पूर्वी पायऱ्या चढून घरात जायचो, आता उतरून जातो. आत्याच्या गल्लीत हे झालं तेव्हा लोकांनी फाटकापाशी विटांचा उंबरा घातला. त्या रात्री पाणी आत आलंच, आणि पूर ओसरल्यावर त्याच उंबऱ्यानं ते आत अडवून धरलं.

पूर ओसरल्यानंतरचे दिवस हा खरा अनुभव असतो आणि त्याचं छायाचित्र कुणी काढत नाही. गाळ पहिल्या दिवशी पातळ असतो, वायपरनं निघतो. दुसऱ्या दिवशी तो चिकट होतो, तिसऱ्या दिवशी फरशीला धरून बसतो आणि उलथण्यानं खरवडावा लागतो. धान्याच्या कोठ्यांत गहू फुगून झाकणं उचलली गेली होती. प्लायवूडची कपाटं पापुद्र्यांनी सुटली. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या लोकांनी घाईनं सुरू केल्या आणि इंजिनात शिरलेल्या पाण्यानं ती कायमची बसली, मग विमा कंपनीचा माणूस पहिला प्रश्न विचारी, "गाडी सुरू करून पाहिली का?" हो म्हटलं की दाव्यात अडचण.

पंचनाम्याला आलेली मुलंही थकलेली होती, त्यांच्यावर राग काढण्यात अर्थ नव्हता. सरकारनं बाधित कुटुंबाला १०,००० रुपये आणि दुकानांना नुकसानीप्रमाणे ५०,००० पर्यंत मदत जाहीर केली. रक्कम कमी की जास्त, यावर बरंच बोलणं झालं. मला त्या फॉर्ममधली एक गोष्ट जास्त खटकली. पाणी घरात शिरलं की नाही, हे त्यात होतं. किती वेगानं, कोणत्या बाजूनं, किती वाजता शिरलं, हे विचारायची सोय नव्हती. दहा हजार घरांतली माणसं त्या सकाळी हे सगळं मिनिटामिनिटानं सांगू शकत होती. उत्तरेकडच्या गल्लीतून आधी आलं की गटारातून उलटं वर आलं, पाच वाजता चढलं की साडेपाचला, याचा नकाशा कोणत्याही सल्लागार कंपनीपेक्षा त्यांनी बरा काढून दिला असता. घरात नंतर येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगतच होते. फक्त लिहून घेणारं कुणी नव्हतं.

नागपूर जिल्ह्यानं याहून कितीतरी भीषण पूर पाहिलेला आहे, पण तो शहरात नव्हे. नरखेड तालुक्यातलं मोवाड हे वर्धा नदीच्या काठचं, जुन्या नगरपालिकेचं गाव. संत्र्याचा मुलूख, पलीकडच्या काठाला अमरावतीचा वरूड तालुका. ३० जुलै १९९१ ला वर्धेला पूर आला आणि मोवाडमध्ये २०४ माणसं मेली. गाव उंचावर नव्यानं वसवावं लागलं. दर ३० जुलैला तिथं श्रद्धांजली वाहिली जाते. (माळीणही ३० जुलैलाच गेलं, २०१४ साली, आणि केरळात वायनाडमधली गावं २०२४ च्या ३० जुलैला. योगायोगच, पण मोवाडच्या माणसाला तो योगायोग वाटत नसेल.) मोवाडला विसरणं शक्यच नाही, कारण गावाची जागाच बदलली. जुनं गाव कुठं होतं आणि आपण इथं का आहोत, हे तिथल्या पोराला शाळेत जायच्या आधी कळतं. नागपूर शहरातला माणूस मात्र मोवाडचं नाव काढलं तर बहुतेकदा संत्र्याचा भाव सांगतो. जिल्हा एक, पण ते पाणी शहराच्या आठवणीत कधी शिरलंच नाही.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीचंही तसंच. मध्य प्रदेशातला पाऊस, पेंचवरच्या धरणांचे उघडलेले दरवाजे, कन्हान आणि वैनगंगेचा फुगवटा. मौदा-पारशिवनीपासून भंडारा-गडचिरोलीपर्यंत गावं पाण्यात. तिथल्या म्हाताऱ्यांनी लगेच १९९४ शी ताडून पाहिलं. शहरात त्या आठवड्यात कोरोनाच्या आकड्यांपलीकडे बोलणं जात नव्हतं.

शहराची स्वतःची, दरवर्षीची आपत्ती खरं तर उन्हाळा आहे. २३ मे २०१३ ला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. मे २०२४ मध्ये एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले आणि देशभर नागपूरचं नाव झालं. यंत्रात बिघाड निघाला, तेव्हा काही नागपूरकर चक्क हिरमुसले. उन्हाळ्याला आपण आपत्ती मानत नाही, कारण त्याची सवय आणि थोडा अभिमानही आहे. पंचनामा नाही, पुरासारखी भिंतीवर रेघ नाही. टिनाच्या छपराखाली झोपणाऱ्यांचं काय होतं, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

रेघेवरून सांगलीकर आठवतात. पावसाळ्यात सांगलीच्या माणसाला फोन केला तर तो "आयर्विनला चाळीस झालं" असं म्हणतो. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ ला धोका, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये ती ५७ फुटांच्या पुढं गेली होती. कोल्हापूरचा माणूस तसंच राजाराम बंधाऱ्याचं सांगतो, ३९ आणि ४३. किती फुटाला आपल्या गल्लीत पाणी येतं, किती फुटाला गाड्या हलवायच्या आणि किती फुटाला आजीला हलवायचं, हे तिकडं शाळकरी पोरांनाही तोंडपाठ असतं. पूर त्यांनाही बुडवतोच, पण अंदाज घ्यायला एक आकडा हाताशी असतो.

नागनदीला असा आकडा नाही. त्या रात्रीची उंची लोक घरातल्या वस्तूंनी सांगतात: कुणाचं पाणी दिवाणापर्यंत, कुणाचं ओट्यापर्यंत, कुणाचं स्विचबोर्डाच्या वर. नागनदीच्या पुनरुज्जीवनासाठी १,९०० कोटींहून जास्त रकमेचा प्रकल्प मंजूर आहे, त्याचा भर सांडपाण्यावर आहे आणि तो हवाच. पण अंबाझरीपासून सीताबर्डीपर्यंत प्रत्येक पुलाच्या खांबावर फुटांची पट्टी रंगवायला आणि तलावाची पातळी रात्री-बेरात्री लोकांच्या मोबाइलवर पाठवायला काही कोटी लागत नाहीत. दहा हजार घरांपैकी निम्म्यांना विचारून त्या पट्टीवर त्यांच्या गल्लीची खूण करता आली असती. अजूनही येईल, पण दर दिवाळीला रंगकाम होतं आणि साक्षीदार भिंती कमी होत जातात.

आत्याच्या शेजारचं घर विकलं गेलं. नव्या मालकानं दर्शनी भिंतीला चांगला महागाचा टेक्स्चर पेंट मारला, आतून नवं फर्निचर करून घेतलं. दलालानं पुराचं काही सांगितलेलं नव्हतं. इन्व्हर्टर बसवायला माणूस आला, तेव्हा फुफाजी कंपाउंडवरून वाकून म्हणाले, "साहेब, तो खाली नका बसवू. खिडकीच्या चौकटीच्या वर एक वीत धरा." नवा मालक म्हणाला, "इतकं?" फुफाजींनी त्याला आत बोलावलं, चहा दिला आणि देवघराच्या खोलीत नेऊन कपाट थोडं सरकवलं. तिथली भिंत आत्यानं रंगवू दिलेली नाही.

इन्व्हर्टरवाल्यानं खिशातून टेप काढला आणि जमिनीपासून रेघेपर्यंत माप घेतलं.