रिकॉल गाडीचा, पत्ता जुन्या मालकाचा

गाडीत दोष असल्याचे कंपनीने मान्य केले आणि दुरुस्तीही फुकट देऊ केली, तरी दुसऱ्या-तिसऱ्या मालकापर्यंत ती खबर पोचेलच असे नाही. म्हणून चेसिस नंबर स्वतः तपासण्याची सवय हवी आणि आरसीच्या नोंदीत रिकॉलला जागा हवी.

ऑगस्ट २०२३ मध्ये महिंद्राने एक्सयूव्ही ७०० च्या १,०८,३०६ गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. ८ जून २०२१ ते २८ जून २०२३ या काळात बनलेल्या या गाड्यांत इंजिनाजवळची वायरिंग घासून कापली जाण्याची शक्यता होती. त्याच वर्षी जानेवारीत मारुती सुझुकीने ब्रेझा आणि ग्रँड विटारासह काही मॉडेलांच्या १७,३६२ गाड्यांसाठी त्याहून कडक सूचना काढली : एअरबॅग कंट्रोलर बदलून मिळेपर्यंत गाडी चालवूच नका. दोन्ही वेळा कंपन्यांनी दोष जाहीर केला, तपासणी आणि दुरुस्ती मोफत देऊ केली, वर्तमानपत्रांत बातम्या आल्या. तरीही एक गाठ सुटत नाही. रिकॉलची सूचना निघते चेसिस नंबरावर, पण पाठवली जाते मोबाईल नंबरावर. चेसिस नंबर गाडीच्या जन्मापासून शेवटपर्यंत तोच राहतो. मोबाईल नंबर आणि पत्ता मात्र ज्याने गाडी शोरूममधून नेली त्याचा असतो. दरम्यान गाडी विकली गेली, मालक दुसऱ्या शहरात गेला किंवा त्याने सिमकार्ड बदलले, की खबर भलत्याच दारावर थांबते. आपल्याकडच्या रिकॉल व्यवस्थेचा सर्वांत कच्चा दुवा हाच आहे आणि तो जोडण्याचे काम आज तरी मालकालाच करावे लागणार आहे.

रिकॉल म्हटले की ‘ही कंपनीच फालतू’ असा निकाल लगेच दिला जातो. तो घाईचा आहे. एका एसयूव्हीत हजारो सुटे भाग असतात आणि ते कितीतरी पुरवठादारांकडून येतात. एखाद्या पुरवठादाराची ठरावीक दिवसांतली खेप बिघडली, तर ती ज्या गाड्यांत बसली तेवढ्याच गाड्या धोक्यात येतात. मारुतीच्या त्या १७,३६२ गाड्या ८ डिसेंबर २०२२ ते १२ जानेवारी २०२३ या जेमतेम पाच आठवड्यांत बनलेल्या होत्या. तुमच्या सोसायटीत शेजारीशेजारी उभ्या असलेल्या एकाच रंगाच्या दोन ब्रेझांपैकी एक यादीत असेल, दुसरी नसेल. म्हणून बातमी वाचून काही कळत नाही, नंबर पाहूनच कळते. आरसीवर आणि विम्याच्या पॉलिसीवर छापलेला हा चेसिस नंबर सतरा अक्षर-अंकांचा असतो. महिंद्राचा सहसा ‘एमए१’ने, तर मारुतीचा ‘एमए३’ने सुरू होतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे वापरतच नाहीत, कारण ती एक आणि शून्य यांच्याशी गल्लत करतात. तेव्हा टाइप करताना ‘ओ’ वाटतो तिथे शून्य घाला. एक अक्षर चुकले, तरी उत्तर दुसऱ्याच गाडीचे येऊ शकते.

‘गाडी तर मस्त चालते, मग कशाला सर्व्हिस सेंटरला खेटे घालायचे?’ हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो आणि सर्वांत जास्त घातकही तोच आहे. टकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगचे उदाहरण पाहा. एअरबॅग क्षणात फुगवण्यासाठी तिच्या धातूच्या डबीत स्फोटक रसायनाच्या वड्या असतात. टकाटाने त्यासाठी अमोनियम नायट्रेट वापरले. दमट हवेतली ओल वर्षानुवर्षे डबीत झिरपत राहिली, दिवसा तापणे आणि रात्री निवणे चालू राहिले, की या वड्या भुसभुशीत होतात. मग अपघाताच्या क्षणी त्या ठरलेल्या वेगाने न जळता एकदम भडकतात, डबी फुटते आणि तिच्या धातूचे तुकडे चालकाच्या गळ्यात-छातीत घुसतात. एकट्या अमेरिकेत यात २५हून अधिक माणसे गेली आणि सुमारे ६.७ कोटी एअरबॅग परत बोलवाव्या लागल्या. जून २०१७ मध्ये टकाटाने दिवाळखोरी जाहीर केली. भारतातही होंडाने जानेवारी २०१७ मध्ये २०१२ साली बनलेल्या ४१,५८० गाड्या याच कारणासाठी परत बोलावल्या. डबीतले हे कुजणे बाहेरून दिसत नाही, त्याचा आवाज येत नाही, डॅशबोर्डवरचा दिवाही लागत नाही. गाडी उत्तम चालत असते आणि दोष अपघाताची वाट पाहत असतो. उष्ण आणि दमट प्रदेशांत धोका जास्त म्हणून अमेरिकेने तिथल्या गाड्यांना आधी हात घातला. मुंबई, कोकण आणि गोव्याची हवा त्याच जातीची आहे, हे इथल्या जुन्या गाडीच्या मालकाने विसरू नये.

आपल्याकडे यासाठी कायदा नाही असे नाही. वाहन उत्पादकांच्या ‘सियाम’ या संघटनेने २०१२ मध्ये स्वेच्छा रिकॉलची संहिता आणली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आले आणि सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. आदेश देण्याची वेळ आली, तर गाडीचा प्रकार आणि संख्या पाहून कंपनीला १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मालकांना तक्रार नोंदवण्यासाठी वाहन रिकॉल पोर्टलही आहे. पण या चौकटीत दोन फटी आहेत. पहिली, सक्तीच्या रिकॉलचे नियम सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांसाठी आहेत. टकाटाचा दोष तर गाडी जुनी होईल तसा वाढणारा होता आणि आपल्याकडे सात वर्षांची एसयूव्ही म्हणजे नुकतीच दुसऱ्या घरी गेलेली गाडी. दुसरी फट मोठी आहे. कायद्याने कंपनीला बांधले, पण दोष दुरुस्त झाल्याशिवाय गाडी पुढे जाऊ नये अशी व्यवस्था कुठेच केली नाही. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. तोवर तिच्या फिटनेसची तपासणी आरटीओ करत नाही. मधल्या काळात ती विकली, तर फॉर्म २९ आणि ३० भरले जातात. त्यांतही या गाडीचा रिकॉल बाकी आहे का, असा प्रश्न नसतो.

इतर देशांनी ही फट बुजवून दाखवली आहे. ऑस्ट्रेलियाने मार्च २०१८ मध्ये टकाटा एअरबॅगचा रिकॉल सक्तीचा केला. पुढे राज्यांनी दुरुस्ती न केलेल्या गाड्यांची नोंदणी रोखायला सुरुवात केली आणि जवळजवळ सगळ्या गाड्यांचे काम पूर्ण झाले. जपानने मे २०१८ पासून अशा धोकादायक गाड्यांना नियमित तपासणीत पास करणे बंद केले. जर्मनीत सध्याच्या मालकाचा पत्ता सरकारी नोंदणीतून काढला जातो आणि गंभीर दोष दुरुस्त न करणाऱ्याची गाडी रस्त्यावरून उतरवता येते. आपल्याकडे ‘वाहन’ प्रणालीत प्रत्येक गाडीचा चेसिस नंबर आहे, दरवर्षी पीयूसी निघते, विम्याचे नूतनीकरण होते. या तीन ठिकाणी आणि मालकी बदलताना ‘रिकॉल बाकी’ एवढे दोन शब्द पडद्यावर उमटले, तर खबर आजच्या मालकाच्या हातात पडेल. सामान्य माणसाला आणखी एक अडवणूक होईल, ही भीती रास्त आहे. भागच उपलब्ध नसेल, तर मालकाला दोष देता येणार नाही. म्हणून सुरुवातीला अडवू नका, फक्त कळवा. भाग मिळू लागल्यावर पुरेशी मुदत द्या आणि सक्ती फक्त एअरबॅग, ब्रेक, स्टिअरिंग, इंधनगळती अशा जिवावरच्या दोषांपुरती ठेवा.

हे होईल तेव्हा होईल. दोष कंपनीचा असताना शोधाशोध ग्राहकाने का करावी, हा सवालही योग्यच आहे. पण न्याय कोणाच्या बाजूला आहे हे ठरेपर्यंत मागच्या सीटवर मुले बसणारच आहेत. म्हणून वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि दिवाळीच्या प्रवासापूर्वी, कंपनीच्या वेबसाइटवरच्या रिकॉल विभागात चेसिस नंबर टाकून पाहा. तिथे काही सापडले नाही, तरी अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारा : ‘या नंबरावर एखादी कॅम्पेन पेंडिंग आहे का?’ सर्व्हिस सेंटरच्या भाषेत रिकॉलला बहुधा कॅम्पेनच म्हणतात. सेकंडहँड गाडी घेताना टोकन देण्याआधी हे विचारा आणि व्यवहार झाला, की आपले नाव व मोबाईल नंबर कंपनीच्या नोंदीत बदलून घ्या. त्या एका फोनने पुढचे सगळे रिकॉल तुमच्या दारी येतील.

रिकॉल निघाला, तर दुरुस्ती मोफत आहे, मग तुम्ही कितवे मालक आहात किंवा वॉरंटी संपली आहे का, हा प्रश्न येत नाही. आजवर सर्व्हिसिंग बाहेरच्या गॅरेजमध्ये केले असेल, तरी हे एक काम अधिकृत ठिकाणीच करा, कारण बदललेल्या भागाची नोंद कंपनीच्या यंत्रणेत पडायला हवी. भाग यायला वेळ लागणार असेल, तर तोवर गाडी चालवणे सुरक्षित आहे का, हे लेखी विचारा. सप्टेंबर २०२१ मध्ये मारुतीने एर्टिगा, व्हिटारा ब्रेझा वगैरेंच्या १,८१,७५४ पेट्रोल गाड्या बोलावताना साचलेल्या पाण्यातून गाडी नेऊ नका, असे बजावले होते. ऐन पावसाळ्यात ही सूचना मुंबईच्या मालकासाठी दुरुस्तीइतकीच मोलाची होती. काम झाल्यावर जॉब कार्डवर रिकॉलचा उल्लेख, बदललेला भाग आणि तारीख आहे ना, हे पाहूनच किल्ली घ्या. तो कागद आरसीसोबत ठेवा, गाडी विकताना पुढच्या मालकाला द्या. कोणी टाळाटाळ केली, पैसे मागितले, तर कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल करा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा आणि तरी दाद लागली नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा.

विम्याची तारीख आपण चुकवत नाही, कारण चुकली तर पोलीस पावती फाडतो. रिकॉल चुकला, तर पावती कोणी फाडत नाही, म्हणून तो राहून जातो. आजच आरसी काढा, सतरा अक्षर-अंक नीट वाचा आणि तपासून टाका. त्यात काही निघाले नाही, तर पाच मिनिटे गेली. काही निघाले, तर दुरुस्ती मोफत आहे.