तीन खुर्च्या आणि एक दप्तर

वरळीला डॉ. अ‍ॅनी बेझंट रस्त्यावर धर्मादाय आयुक्त भवन आहे. कामाच्या दिवशी तिथं थोडा वेळ उभं राहिलं, तर एक माणूस हटकून दिसतो. पन्नाशी ओलांडलेला, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत जाड रजिस्टर, पावतीपुस्तकांचा गठ्ठा आणि हिशेब तपासनिसाच्या शिक्क्याचे कागद. नोकरीतून अर्धा दिवस रजा काढून तो आलेला असतो. या कामाचा त्याला पैसा मिळत नाही. उलट झेरॉक्सचा आणि बसचा खर्च बहुधा त्याच्याच खिशातून जातो. तो कुठल्या तरी मंडळाचा चिटणीस असतो. मंडळ गणेशोत्सवाचं असेल, व्यायामशाळेचं, वाचनालयाचं, भजनाचं, किंवा कोकणातल्या एखाद्या गावाचं मुंबई मंडळ असेल. आज या माणसाविषयी आणि त्याच्या दोन जोडीदारांविषयी, म्हणजे अध्यक्ष आणि खजिनदार यांच्याविषयी थोडं बोलायचं आहे.

सात माणसं एका चांगल्या हेतूनं एकत्र आली, की १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली त्यांना संस्था स्थापन करता येते. आपल्या राज्यात अशा धर्मादाय संस्थेला १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदाही लागू होतो. या कायद्याच्या नावात आधी ‘मुंबई’ होती, आता ‘महाराष्ट्र’ आहे. नोंदणी झाली की संस्थेला नाव मिळतं, क्रमांक मिळतो, बँकेत खातं उघडता येतं. पण संस्थेला स्वतःचं तोंड नसतं, तिला स्वतःची आठवण नसते आणि स्वतःचे पैसे मोजताही येत नाहीत. ही तीन कामं सभासदांपैकीच तिघांना करावी लागतात. बाकी पदं कितीही वाढवा, मूळ खुर्च्या तीनच.

त्यांची नावं पाहा कशी गमतीची आहेत. अध्यक्ष हा शब्द संस्कृत. खजिनदारातला खजिना अरबी मुळाचा आणि ‘दार’ फारसी. चिटणीस म्हणजे चिठ्ठी लिहिणारा. त्यातला ‘नीस’ हा फारसीतला ‘नवीस’, लिहिणारा. फडणीस, पोतनीस, जमेनीस ही सगळी त्याच घरातली भावंडं. शिवाजी महाराजांचे बाळाजी आवजी चिटणीस आपल्याला माहीत आहेत. दप्तर फारसी, हिशेब अरबी, ठराव आपला मराठी. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत सतरंजीवर बसून सभा चालते, तेव्हा या तिन्ही भाषा एकाच वहीत सुखानं नांदत असतात.

आता पहिली खुर्ची अध्यक्षांची. अध्यक्ष म्हणजे संस्थेचा मालक असा समज फार पसरलेला आहे. स्टेजवर मधली खुर्ची, गळ्यात पहिला हार, फलकावर मोठा फोटो, यांतून तो पसरतो. प्रत्यक्षात अध्यक्षांचं मुख्य काम सभा चालवण्याचं. विषयपत्रिकेवरचा एकेक विषय घ्यायचा, मोठ्यानं बोलणाऱ्याला आवरायचं, मागच्या रांगेत गप्प बसलेल्याला विचारायचं, ‘तुमचं काय म्हणणं?’ मतं समसमान पडली आणि घटनेत तशी तरतूद असली, तर निर्णायक मत द्यायचं. एकट्याच्या मनानं खर्च करण्याचा, सभासद काढून टाकण्याचा किंवा संस्थेची जागा कुणाला देऊन टाकण्याचा अधिकार या खुर्चीत नाही. संस्थेची स्थावर मिळकत विकायची, तर सगळ्या विश्वस्तांचं एकमत होऊनही भागत नाही. धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते.

दुसरी खुर्ची चिटणिसाची. कुठे त्याला सचिव म्हणतात, कुठे कार्यवाह. सभेची सूचना मुदतीत काढणं, हजेरीच्या सह्या घेणं, इतिवृत्त लिहिणं, सभासदांची नोंदवही अद्ययावत ठेवणं, पत्रांना उत्तरं देणं, ही त्याची कामं. कार्यकारी मंडळ बदललं की नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयाकडे त्याचा बदल अर्ज द्यावा लागतो. तोही तोच नेतो. मी कविता लिहिणारा माणूस. एका लहानशा साहित्य मंडळाचा चिटणीस म्हणून काही वर्षं इतिवृत्तं लिहिली, तेव्हा एक गोष्ट कळली. कवितेत न सांगता सोडून द्यायचं असतं, इतिवृत्तात काहीही सोडून चालत नाही. कोणी सुचवलं, कोणी अनुमोदन दिलं, विरोध कोणाचा होता, शेवटी काय ठरलं, हे साध्या वाक्यांत लिहायचं. दहा वर्षांनी, त्या सभेला नसलेल्या माणसानं वाचलं तरी त्याला समजलं पाहिजे.

आपल्याकडच्या सार्वजनिक कामाचा इतिहास चाळला, तर तो बराचसा चिटणिसांचा इतिहास आहे. पुण्याच्या पर्वती संस्थानच्या कारभाराबद्दल लोकांत नाराजी होती. त्या खटपटीतून २ एप्रिल १८७० रोजी सार्वजनिक सभा उभी राहिली. अध्यक्षस्थानी औंधचे पंतप्रतिनिधी होते. काम मात्र चिटणीस गणेश वासुदेव जोशी यांनी ओढलं, इतकं की लोक त्यांना ‘सार्वजनिक काका’ म्हणू लागले. या सभेचा एक नियम आजही विचार करायला लावतो. सभासद व्हायचं तर किमान पन्नास प्रौढ माणसांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. म्हणजे सभेत बोलणारा प्रत्येक जण दुसऱ्या कोणाच्या तरी वतीनं बोलत होता आणि ते त्याला लेखी दाखवावं लागत होतं.

आपल्या गिरणगावात या. परळच्या दामोदर हॉलमध्ये ९ मार्च १९२४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सभा बोलावली आणि त्यातून त्याच वर्षी जुलैमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिच्या पदाधिकाऱ्यांची रचना बघण्यासारखी आहे. अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड, नामांकित कायदेपंडित. व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष स्वतः बाबासाहेब. चिटणीस सीताराम नामदेव शिवतरकर आणि खजिनदार निवृत्ती तुळशीदास जाधव. एक प्रतिष्ठेचं पद, एक निर्णयाचं, एक लिहिण्याचं, एक पैशाचं. चार कामं चार माणसांकडे. साऱ्या समाजाला जागं करायला निघालेल्या माणसानंही सगळ्या किल्ल्या स्वतःच्या कमरेला लावल्या नाहीत.

१९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापन करणारे नारायण मल्हार जोशी तर जन्मभर सरचिटणीस म्हणूनच ओळखले गेले. लीगमध्ये तेच, पुढे आयटक या कामगार संघटनेतही तेच. रात्रशाळा, वाचनालयं, कामगारांसाठी दवाखाने ही कामं भाषणांनी चालत नाहीत. ती पत्रव्यवहारानं, याद्यांनी आणि वेळेवर घेतलेल्या सभांनी चालतात. लोअर परळचा डिलाईल रोड आज ना. म. जोशी मार्ग आहे. एका चिटणिसाचं नाव रस्त्याला लागावं, हे मला फार योग्य वाटतं.

तिसरी खुर्ची खजिनदाराची, आणि तीच सगळ्यांत अवघड. कारण अध्यक्ष चुकला तर लोक रागावतात, चिटणीस चुकला तर कुरकुरतात, पण खजिनदाराचा हिशेब दोन दिवस लांबला तरी कुजबुज सुरू होते. म्हणून आपल्या जुन्या मंडळांनी काही साध्या रीती घालून दिल्या. वर्गणी पावतीशिवाय घ्यायची नाही. पावतीपुस्तकांना क्रमांक, कोणतं पुस्तक कोणाकडे दिलं त्याची नोंद, आणि उरलेलं कोरं पुस्तकही परत मोजून घ्यायचं. रोख रक्कम घरात न ठेवता बँकेत भरायची. धनादेशावर दोघांच्या सह्या. रोजच्या रोज कीर्द, त्यावरून खतावणी. ३१ मार्चला वर्ष बंद, मग तपासणी, आणि ताळेबंद वार्षिक सभेपुढे. काही चाळींत तर जमाखर्च फळ्यावर लिहून जिन्यापाशी लावत. हा अविश्वास नव्हे. प्रामाणिक माणसाच्या अंगावर शिंतोडा उडू नये, यासाठीच या रीती आहेत. पावतीचं स्थळप्रत हे खजिनदाराचं चिलखत आहे.

वरळीच्या बीडीडी चाळींकडे पाहिलं की हे सगळं एकत्र दिसतं. १९२० साली सरकारनं बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं आणि त्यानं या चाळी बांधल्या. वरळीत १२१ इमारती, एकेका इमारतीत ऐंशी खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडून गिरणीत आलेल्या माणसांनी गावाच्या नावाची मंडळं काढली. महिन्याची वर्गणी ठरलेली. त्यातून गावच्या शाळेला पत्रे, देवळाला रंग, आजारी माणसाला गावी जाण्याचं भाडं, मयताला खर्च. शेजारी कोकणी मुसलमानांच्या गावजमाती होत्या. त्यांच्याकडेही तेच अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार आणि तशाच लाल कापडाच्या वह्या. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि घराघरांतला पगार थांबला. अशा दिवसांत मंडळाकडे किती शिल्लक आहे आणि ती कोणाला द्यायची, हा प्रश्न चुलीपर्यंत पोचतो. त्या वेळी खजिनदाराच्या वहीवर लोकांचा भरवसा आहे की नाही, यावर बरंच काही अवलंबून असतं.

अशा संस्था मोडतात कशानं? अफरातफर हे कारण आपल्या पटकन तोंडात येतं. पण माझ्या पाहण्यात त्याहून जास्त संस्था मोडल्या त्या दप्तर अडकल्यामुळे. एकच भला माणूस वीस-वीस वर्षं चिटणीस राहतो. दुसरं कोणी पुढे येत नाही, आणि तोही कोणाला शिकवत नाही. सगळं त्याच्या डोक्यात आणि त्याच्या घरच्या माळ्यावर. एक दिवस तो जातो. घरचे दुःखात, खोली लहान, रद्दीवाला दाराशी. सभासदांची नोंदवही त्या रद्दीत जाते. बदल अर्ज वर्षानुवर्षं दिलेले नसतात, त्यामुळे सरकारी नोंदीत वारलेली माणसंच विश्वस्त म्हणून उभी असतात. मग बँक म्हणते, अधिकृत यादीचा उतारा आणा. दोन गट पडतात, दोघेही स्वतःला खरं कार्यकारी मंडळ म्हणवतात, आणि आजोबांनी आण्या-आण्यानं जमवलेला पैसा खात्यात गोठून राहतो. चोरी कोणीच केलेली नसते, पण संस्था गेलेली असते.

हा धोका आज वरळीत मोठा आहे. १४ ऑगस्ट २०२५ रोजी बीडीडी पुनर्विकासातल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० फुटांच्या जागी ५०० फूट, ही आनंदाचीच गोष्ट. पण चाळीतून टॉवरमध्ये जाताना माणूस भांडी नेतो, देव्हारा नेतो, कुराणाचं रेहल नेतो. मंडळाचं कपाट कोण नेतो? मंडळाची खोली गेली, तर वह्या कुठे राहणार? आणि नव्या इमारतीत येणारी गृहनिर्माण संस्था वेगळ्या कायद्याची, १९६० च्या सहकारी संस्था कायद्याची. तिचा निबंधक वेगळा, तिचा पैसा वेगळा. तिथला सेक्रेटरी आणि जुन्या मंडळाचा चिटणीस एकच माणूस असला, तरी दोन वह्या दोनच राहिल्या पाहिजेत.

मग करायचं काय? फार अवघड काही नाही. प्रत्येक पदाला एक जोडीदार द्यावा: उपाध्यक्ष, सहचिटणीस, उपखजिनदार. ही पदं नाराज माणसाची समजूत काढण्यासाठी वाटू नयेत, काम शिकण्यासाठी द्यावीत. घटनेत पदाची मुदत लिहिलेली असेल तर ती पाळावी, नसेल तर ठराव करून घालावी. निवडणूक झाल्यावर जुन्या आणि नव्या पदाधिकाऱ्यांनी समोरासमोर बसून दप्तराची यादी करावी. नोंदणीचं प्रमाणपत्र, घटना, इतिवृत्ताच्या वह्या, सभासदांची नोंदवही, हिशेब, पासबुकं, शिक्का, किल्ल्या. यादीखाली दोघांच्या सह्या. महत्त्वाच्या कागदांचे मोबाइलवर फोटो काढून तिघा-चौघांकडे ठेवावेत. हल्ली मोबाइलच्या ग्रुपवर अंगठे दाखवून ठराव झाला असं धरतात. ती चर्चा झाली, सभा झाली नाही. सूचना, गणपूर्ती आणि वहीतली नोंद यांना पर्याय नाही.

आणि आणखी एक. मंडळाच्या सभेत बायका कुठे असतात? हळदीकुंकवाला, जेवणाच्या तयारीला, फार तर ‘महिला विभागा’त. पण त्याच चाळीतल्या बायका बचत गटाचं पासबुक सांभाळतात, कर्जाचे हप्ते लिहितात, पैशा-पैशाचा मेळ घालतात. खजिनदार शोधत चाळभर फिरणाऱ्या पुरुषांनी एकदा त्या वह्या बघाव्यात. माणूस सापडत नाही ही तक्रार त्यानंतर बहुतेक उरणार नाही.

मंडळी, लोकशाही आपण शाळेच्या पुस्तकात वाचतो, पण तिचा सराव होतो तो अशा ठिकाणी. वीस-पंचवीस सभासद, वर्गणीचे थोडे पैसे, आणि तरीही सभा, मतदान, नोंद, हिशेब. पुढच्या वार्षिक सभेची सूचना जिन्यात लागेल, तेव्हा ती वाचा आणि जा. अहवाल ऐका, ताळेबंदावर प्रश्न विचारा. उत्तर मिळाल्यावर त्या तिघांना दोन चांगले शब्दही सांगा. आणि शेवटी ‘नवा चिटणीस कोण होणार?’ असं विचारलं गेलं, की सगळे खाली सतरंजीकडे बघू लागतात. त्या वेळी तेवढं मान वर करून बसा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)