बालवाडीतील बालक आणि भय
जून महिन्यात बालवाड्या सुरू झाल्या की ‘सकाळी पोट दुखते, डबा तसाच परत येतो’ असे सांगत पालक बालचतुर्भद्र चूर्ण मागू लागतात. ज्वर, अतिसार वा वजनातील घट नसेल आणि रविवारी दुखणे नाहीसे होत असेल, तर प्रथम भयाचा विचार व्हावा, असे आम्हांस वाटते. रडणाऱ्या वा न जेवणाऱ्या बालकास राक्षस-पिशाचांची नावे घेऊन भिवविण्याचा चरकसंहितेच्या शारीरस्थानात (अध्याय ८) स्पष्ट निषेध आहे. आजचा राक्षस म्हणजे पोलीस आणि, दुर्दैवाने, आम्हां वैद्यांची सुई! खेळणी रंगीत, नाद करणारी, हलकी, बोथट व तोंडात न जाणारी असावीत, हेही तेथेच सांगितले आहे. औषधविक्रेत्यांनी ‘रविवारी दुखते काय?’ एवढे विचारूनच पुडी द्यावी. पोटदुखीने रात्री जागे होणारे मूल मात्र विनाविलंब वैद्यांकडे पाठवावे.