बरोबरीत सुटलेले युद्ध आणि राष्ट्राभिमान

युद्धात विजय मिळाला म्हणजे राष्ट्राभिमान वाढतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा इतिहास मात्र काही निराळेच सांगतो. १८१२ साली या प्रजासत्ताकाने इंग्लंडविरुद्ध युद्ध पुकारले, तेव्हा त्याची राज्यघटना अंमलात येऊन उणीपुरी तेवीस वर्षे झाली होती. ऑगस्ट १८१४ मध्ये इंग्रज फौजेने वॉशिंग्टनमध्ये शिरून खुद्द अध्यक्षांचे निवासस्थान जाळले. २४ डिसेंबर १८१४ रोजी घेंट येथे तह झाला, त्यात सीमा होत्या तशाच राहिल्या.

मग अभिमान कशाचा? तहाची वार्ता समुद्रापलीकडे पोहोचण्यापूर्वीच, ८ जानेवारी १८१५ रोजी, अँड्र्यू जॅक्सनने न्यू ऑर्लिन्स येथे इंग्रजांचा दारुण पराभव केला. विजयाची आणि तहाची अशा दोन्ही वार्ता फेब्रुवारीत थोड्या दिवसांच्या अंतराने राजधानीत आल्या आणि आपण युद्ध जिंकले, असे लोकांच्या मनाने घेतले. युद्धाला विरोध करणाऱ्या फेडरॅलिस्ट पक्षावर देशद्रोहाचा शिक्का बसला आणि त्यातून तो पक्ष पुन्हा सावरला नाही. १८२० साली मन्रो दुसऱ्यांदा अध्यक्ष झाले, तेव्हा निर्वाचकांपैकी केवळ एकाने त्यांच्याविरुद्ध मत दिले.

परंतु नुसत्या भावनेवर राष्ट्र उभे राहत नाही. तिला संस्थांचा आधार लागतो, आणि तो या काळात मिळाला. १८१६ साली मध्यवर्ती बँकेला नवी सनद देण्यात आली, देशी कारखान्यांच्या रक्षणासाठी आयात मालावर जकात बसली. १८१९ साली सरन्यायाधीश मार्शल यांनी, घटक राज्यांना या बँकेवर कर बसवता येणार नाही, असा निर्णय दिला. दक्षिणेतील जॉन कॅल्हून तेव्हा बँक, जकात आणि रस्ते या तिन्हींचा कैवारी होता.

याच चित्राला दुसरी बाजू आहे. जॅक्सनने १८१४ साली क्रीक जमातीकडून दोन कोटी एकरांहून अधिक जमीन तहाने लिहून घेतली. ज्या भूमीचा अभिमान गाइला जात होता, ती अशी मिळवलेली होती. पुढे त्या जमिनीवर कापूस पिकू लागला व कापसाबरोबर गुलामगिरी पसरली. १८१० मध्ये सुमारे बारा लाख असलेले गुलाम १८६० मध्ये एकोणचाळीस लाखांवर गेले. १८२० च्या मिसूरी समझोत्याने गुलामीचा प्रश्न नकाशावर रेघ ओढून पुढे ढकलला, सोडवला नाही.

कापसाचे हितसंबंध वाढले तसा कॅल्हूनही बदलला. केंद्राचा कायदा राज्याला रद्द ठरवता येतो, असे तो सांगू लागला, आणि १८३२ साली दक्षिण कॅरोलायनाने जकातीचा कायदा तसा रद्द ठरवलाही. १८६१ साली यादवी पेटली.

म्हणून एखाद्या राष्ट्राच्या एकोप्याचे मोजमाप करताना केवळ जयघोष ऐकून भागत नाही. त्या एकोप्यात कोणाला वाटा मिळाला नाही आणि कोणता प्रश्न उद्यावर टाकला गेला, हेही विचारावे लागते.