पंढरपूरहून परतलेला कुत्रा

जुलै २०२४मध्ये अनेक वृत्तपत्रांत एक बातमी आली होती. बेळगाव जिल्ह्याच्या निपाणी तालुक्यातील यमगर्णी गावचा ‘महाराज’ नावाचा काळा कुत्रा मालकाबरोबर पायी वारीला पंढरपूरला गेला होता. दर्शन घेऊन मालक बाहेर आले तर कुत्रा दिसेना. तो दुसऱ्या एका जथ्याबरोबर गेला, असे कोणी सांगितले. शोध घेऊनही तो सापडला नाही आणि मालक १४ जुलैला गावी परतले. दुसऱ्या दिवशी पाहतात तो महाराज दारात शेपूट हलवत उभा! गावाने त्याला हार घातला, जेवणावळ केली. बातमीत अंतर सुमारे २५० किलोमीटर दिले होते. पांडुरंगानेच त्याला वाट दाखवली, अशी गावकऱ्यांची भावना होती.

अशी बातमी वर्गात पोचली की मुले हमखास विचारतात, “त्याला रस्ता कळला कसा?” ‘देवाची कृपा’ किंवा ‘प्राण्यांना सहावे इंद्रिय असते’ ही दोन्ही उत्तरे प्रश्न तिथेच मिटवतात. आपण तो थोडा उलगडून पाहू.

चालणे सोपे, दिशा अवघड

दिवसाला २५ किलोमीटर चालले तर २५० किलोमीटरला दहा दिवस लागतात. निरोगी कुत्र्याला ही चाल अशक्य नाही. खरा प्रश्न आहे तो दिशेचा.

नकाशावर पंढरपूर ते निपाणी हे सरळ रेषेतले अंतर साधारण १७५ किलोमीटर भरते आणि घराची दिशा येते नैर्ऋत्य. समजा, कुत्र्याला ही दिशा अचूक ठाऊक आहे, पण चालताना त्याची फक्त ५ अंशांची चूक होते. १७५ किलोमीटर गेल्यावर तो गावापासून सुमारे १५ किलोमीटर बाजूला पोचेल. म्हणजे केवळ दिशा कळून भागत नाही. आपण कुठे आहोत हेही कळावे लागते. पक्ष्यांचा अभ्यास करणारे जर्मन शास्त्रज्ञ गुस्टाव क्रामर यांनी १९५०च्या दशकात हाच मुद्दा मांडला होता: घर गाठायला होकायंत्र हवे आणि नकाशाही हवा.

कुत्र्याचा नकाशा

माणसाचा नकाशा मुख्यतः डोळ्यांनी बनतो, कुत्र्याचा मोठ्या प्रमाणात नाकाने. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी ५० ते ६० लाख असतात, तर कुत्र्याच्या नाकात २० कोटींहून अधिक. नवीन पनवेलसारख्या सिडकोने आखलेल्या वसाहतीत एकसारख्या इमारती आणि एकसारखे चौक पाहून नवख्या माणसाचा गोंधळ उडतो. तिथल्या कुत्र्याचा सहसा उडत नाही. त्याच्या लेखी एका चौकात मासळीवाली बसते, दुसऱ्यात गॅरेजचे तेल सांडलेले असते आणि प्रत्येक खांबावर कोणत्या ना कोणत्या कुत्र्याने आपली खूण केलेली असते.

आपल्याच वासाच्या मागाने कुत्रा आल्या वाटेने परत जाऊ शकतो. पण पावसाने आणि वर्दळीने माग पुसट होतो, म्हणून शेकडो किलोमीटरचा प्रवास एवढ्यावर उलगडत नाही.

२० मीटरांची धाव

चेक प्रजासत्ताकातील संशोधकांनी २७ शिकारी कुत्र्यांच्या गळ्यात उपग्रहाद्वारे स्थान नोंदवणारे पट्टे बांधून त्यांना जंगलात मोकळे सोडले. सहाशेहून अधिक फेऱ्यांच्या नोंदी तपासून त्यांनी २०२०मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बऱ्याच वेळा कुत्री आल्या वाटेनेच परतली. काही वेळा मात्र त्यांनी नवीच वाट धरली. अशा परतीच्या आरंभी ती बहुधा सुमारे २० मीटर उत्तर-दक्षिण रेषेत धावत, मग मालक कोणत्याही दिशेला असो. ज्या वेळी ही छोटी धाव घेतली गेली, त्या वेळी परतीची वाट अधिक थेट होती.

पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी आपल्या मनातला नकाशा जुळवून घेण्याची ही क्रिया असावी, असे संशोधकांचे म्हणणे आहे. आपण नकाशा हातात घेऊन आधी त्याची उत्तर जुळवतो, तसेच हे. मात्र एक भान ठेवायला हवे: हे प्रयोग लहान पल्ल्याचे होते. त्यांवरून २५० किलोमीटरचा उलगडा झाला असे म्हणता येणार नाही.

महाराज कसा आला असेल?

उपलब्ध माहितीवरून आपण काही तर्क करू शकतो. पहिली गोष्ट, तो पंढरपूरला वाहनातून नव्हे तर चालत गेला होता. वाटेतले मुक्काम, वास आणि खुणा त्याच्या ओळखीच्या झाल्या असणार. दुसरी, वाटेत कृष्णा नदी आहे. जुलैतल्या भरल्या पात्रातून पोहून जाण्यापेक्षा तो पुलावरून आला असण्याची शक्यता जास्त, म्हणजेच तो रस्त्याने आला असावा. तिसरी, वारीच्या दिवसांत त्या रस्त्यांवर माणसे असतात, भाकरतुकडा मिळतो. एखाद्या परतणाऱ्या जथ्यामागून त्याने बरीच वाट कापली असेल. वाटेत त्याच्यावर नजर ठेवणारे कोणी नव्हते, म्हणून हे तर्कच आहेत. पण ते तपासता येण्याजोगे आहेत, आणि चमत्कारात व तर्कात हाच फरक आहे.

मग इमानाचे काय?

वाट सापडण्याच्या क्षमतेने ‘कसा’ याचे उत्तर मिळते, ‘का’ याचे नाही. तिथे अन्न मिळत असूनही कुत्रा घराकडेच का वळतो? बुडापेस्टच्या संशोधकांनी १९९८मध्ये ५१ कुत्री आणि त्यांचे मालक यांच्यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. लहान मुलांचा आईवरील जीव तपासण्याची जी कसोटी मानसशास्त्रात वापरतात, तीच त्यांनी कुत्र्यांना लावली. मालक खोलीतून गेल्यावर आणि परत आल्यावर कुत्री बऱ्याच अंशी मुलांसारखी वागली. २०१५मध्ये जपानी संशोधकांना असे दिसले की कुत्रा आणि मालक एकमेकांकडे बराच वेळ पाहत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिनचे प्रमाण वाढते. आई आणि बाळ यांच्यातील ओढीशी संबंधित असलेले हेच संप्रेरक. तेव्हा इमान ही केवळ कविकल्पना नाही. निदान पंधरा हजार वर्षांच्या सहवासातून घडलेला तो एक जैविक बंध आहे.

न परतलेले

शेवटी एक मुद्दा मुलांना आवर्जून सांगावा. परत आलेल्या कुत्र्याची बातमी होते, हरवलेल्याची होत नाही. यशस्वी उदाहरणेच कानावर आल्याने ‘कुत्रा कुठूनही घरी येतोच’ असा समज होतो. या समजापोटी कोणी नकोसे कुत्रे दूर नेऊन सोडतो, तर कोणी हरवलेल्याचा शोधच घेत नाही. दोन्ही घातक आहेत. गळ्यातल्या पट्ट्यावर दूरध्वनी क्रमांक लिहिणे आणि हरवताच आसपास शोध घेणे, हेच खरे उपाय.

वर्गात एक उपक्रम करता येईल. प्रत्येकाने घर ते शाळा या वाटेचे दोन नकाशे काढावेत: एक डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांचा, दुसरा फक्त वासांचा. दुसऱ्या नकाशात किती जागा कोऱ्या राहतात, ते मोजावे. त्या कोऱ्या जागा कुत्र्याने कशाने भरल्या असत्या, यावर चर्चा घ्यावी.