एका मिनिटात चार नमस्कार
सूर्यनमस्कारांचा वर्ग सकाळी सहाला भरतो. पहिली काही आवर्तनं संथ असतात, मंत्रांसह. 'ॐ मित्राय नमः' म्हणून होईपर्यंत छाती शांत झालेली असते, नाडीही फारशी चढत नाही. मग शिकवणाऱ्या बाई मंत्र थांबवतात आणि नुसते आकडे म्हणू लागतात. तिथून व्यायामाचा रंगच पालटतो.

सतरंजीवर वाकून पाहिलं की कष्ट नेमके कुठे आहेत ते कळतं. एखाद्या आसनात थांबणं त्या मानाने सोपं. दमवतं ते एका स्थितीतून दुसरीत जाणं. हस्तपादासनातून पाय मागे टाकायचा, अख्ख्या शरीराचा भार तळहातांवर घ्यायचा, साष्टांग घालून भुजंगासनात छाती उचलायची, कंबर वर ढकलून पर्वतासन करायचं आणि तोच पाय पुन्हा दोन हातांच्या मध्ये आणायचा. मांड्या, खांदे, पोट, पाठ हे सगळे मोठे स्नायू एकामागून एक रक्त मागतात. शिवाय डोकं कधी हृदयाच्या खाली, कधी वर. त्या प्रत्येक बदलाला हृदय जुळवून घेत असतं.

वेगाची मर्यादा श्वास ठरवतो. बारा स्थितींच्या एका नमस्कारात पूरक, म्हणजे श्वास आत घेणं, पाच वेळा येतो. मिनिटाला एक नमस्कार घातला तर पाच श्वास, चार घातले तर वीस. सहा घालू पाहिले तर तीस, आणि तेव्हा नाक पुरत नाही, तोंड उघडतं, कोपर बाहेर पडतात, कंबर लोंबते. बाईंचं एकच सांगणं असतं, "श्वास संपला की पाय हलवा, आधी नाही." मला हे फार महत्त्वाचं वाटतं. श्वासाला मागे टाकून केलेली घाई मनगटं आणि कंबर दुखवते, छातीला मात्र त्यातून काही मिळत नाही. संथ नमस्कारात अष्टांगासनात कुंभक करतात, वेगात बाई तो सोडायला लावतात. जोर लावताना श्वास कोंडला की रक्तदाब एकदम चढतो.

आवर्तनं झाली की मनगटावर दोन बोटं ठेवून पंधरा सेकंद ठोके मोजायचे आणि चाराने गुणायचे. २२० मधून वय वजा केलं की कमाल ठोक्यांचा ढोबळ अंदाज येतो. पन्नाशीच्या माणसाला १७०. त्याच्या सत्तर ते पंच्याऐंशी टक्के, म्हणजे साधारण १२० ते १४५, ही जोरकस व्यायामाची पातळी. मंत्रांसह घातलेल्या नमस्कारांत माझे ठोके तिथवर कधी पोचत नाहीत, चारच्या लयीत मात्र सहज पोचतात. चार शब्द बोलले की धाप लागते, ही त्याहून सोपी खूण.

योगासनांत असा घाम गाळणं ही आजकालची जिमवाली टूम आहे, असं काहींना वाटतं. मला ते पटत नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आधी सँडो या पाश्चात्त्य शरीरसौष्ठवपटूच्या पद्धतीने व्यायाम करत. पुढे ते नमस्कारांकडे वळले आणि संस्थानातल्या शाळांमध्ये त्यांनी ते रुजवले. त्यांच्या पद्धतीवरचं 'द टेन-पॉइंट वे टू हेल्थ' हे इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनमध्ये निघालं. साताऱ्याकडच्या या राजाने नमस्कारांकडे रोजचा, अंगमेहनतीचा, साऱ्या प्रजेसाठीचा व्यायाम म्हणूनच पाहिलं होतं.

शेवटी वेग उतरवावाच लागतो. एकदम थांबून उभं राहिलं तर पायांत रक्त साचतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून अखेरची दोन-तीन आवर्तनं पुन्हा मंत्रांसह, मग शवासन. ज्यांचा रक्तदाब आटोक्यात नाही किंवा ज्यांना काचबिंदू आहे, त्यांना बाई डोकं खाली जाणाऱ्या स्थिती करू देत नाहीत. ते खुर्चीला धरून संथ नमस्कार घालतात आणि आधी डॉक्टरांना विचारून येतात.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान ७५ मिनिटं जोरकस किंवा १५० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते. चारची लय आठवड्यातून तीनदा पंचवीस मिनिटं टिकली की पहिला आकडा भरतो. पण सलग पंचवीस मिनिटं टिकायला वेळ लागतो. नव्याने येणाऱ्यांना बाई पाच मिनिटांवर थांबवतात, श्वास लागला नसला तरी.