यंत्रासाठीं खतावणी

हिशेबाच्या व्यवसायांत रोजकीर्द आणि खतावणी या दोन वह्या फार जुन्या काळापासून चालत आल्या आहेत. दिवसभरांत झालेले व्यवहार ज्या क्रमानें झाले त्या क्रमानें रोजकीर्दींत उतरतात. खतावणींत मात्र प्रत्येक रक्कम आपापल्या खात्यावर जाऊन बसते. एखाद्या व्यापाऱ्याकडून आपलें किती येणें आहे हें रोजकीर्दीवरून काढावयाचें झाल्यास सारी वही चाळावी लागते. खतावणींत तेंच उत्तर एका पानावर मिळतें. दोन्ही वह्यांत रकमा त्याच असतात, भेद असतो तो मांडणीचा. आज ज्या विषयासंबंधीं बोलावयाचें आहे तो नांवानें नवा असला तरी त्याचें मर्म या भेदांत आहे. छत्रपती संभाजीनगरांतील एखाद्या हिशेबतपासनिसाची पेढी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या शोधयंत्रास बरोबर ओळखतां यावी, यासाठीं तिनें आपली माहिती कशी मांडावी, हा तो विषय होय.

पूर्वीं हिशेबनीस हवा असला म्हणजे लोक शेजाऱ्यास किंवा व्यवसायबंधूस विचारीत. पुढें शोधयंत्रें आलीं आणि तीं संकेतस्थळांची एक लांबलचक यादी समोर ठेवूं लागलीं. यादींतून निवड करण्याचें काम मात्र माणसाकडेच होतें. नोव्हेंबर २०२२ मध्यें चॅटजीपीटी लोकांस खुलें झालें. २०२४च्या मे महिन्यांत गूगलनें अमेरिकेंत आणि ऑगस्टमध्यें हिंदुस्थानांत आपल्या शोधाच्या माथ्यावर यंत्रानें रचलेलीं उत्तरें देण्यास आरंभ केला. आतां यादीच्या जागीं एक परिच्छेद येतो आणि त्यांत दोन-तीन नांवें असतात. वाळूज येथें सुटे भाग तयार करणारा लहान कारखानदार विचारतो कीं, वस्तु व सेवा कराचीं विवरणपत्रें भरून देणारा, मराठींतून समजावून सांगणारा हिशेबनीस जवळपास कोण आहे? ज्याचें नांव त्या परिच्छेदांत येत नाहीं, तो या विचारणाऱ्यापुरता अस्तित्वांतच नसतो. आणि ज्याचें नांव चुकीच्या पत्त्यासह येतें, त्याच्या शोधांत बिचारा कारखानदार विवरणपत्राच्या शेवटच्या दिवशीं बंद दारापाशीं जाऊन उभा राहतो. नुकसान दोघांचेंही होतें.

हें यंत्र उत्तर कसें देतें, तें थोडक्यांत पाहूं. त्याचीं कामें तीन आहेत. पहिलें, संकेतस्थळें फिरून त्यांवरील मजकूर गोळा करणें. दुसरें, त्या मजकुराची सूची करून कोणतें पान कोणत्या संस्थेचें, कोणत्या स्थळाचें व कोणत्या विषयाचें हें ठरविणें. आणि तिसरें, प्रश्न आला म्हणजे सूचींतून कांहीं पानें निवडून त्यांच्या आधारें वाक्यें जुळविणें. तिसऱ्या कामांतील भाषा इतकी सफाईदार असते कीं, दुसऱ्या कामांत झालेली चूक वाचणाऱ्याच्या ध्यानांत येत नाहीं. म्हणून ज्या पेढीस आपलें वर्णन बरोबर व्हावें असें वाटतें, तिनें दुसऱ्या कामाकडे लक्ष पुरविलें पाहिजे.

या दुसऱ्या कामांत यंत्र कोठें अडतें, याचें उत्तम उदाहरण आमच्या शहराचें नांवच होय. खडकी या गांवीं मलिक अंबरानें १६१० सालीं हें नगर वसविलें. त्याच्या मृत्यूनंतर त्याचा पुत्र फतेहखान यानें त्यास फतेहनगर म्हटलें. १६५३ मध्यें दख्खनच्या सुभेदारीवर असतांना औरंगजेबानें त्यास औरंगाबाद हें नांव दिलें. २०२३ मध्यें शहर व जिल्हा या दोहोंचें नांव अधिकृत रीत्या छत्रपती संभाजीनगर झालें आणि २०२५ मध्यें रेल्वेस्थानकाचेंही नांव बदललें. माणसास हीं सारीं नांवें एकाच शहराचीं हें सांगावें लागत नाहीं. यंत्रापुढें मात्र हजारों जुनीं पानें ‘औरंगाबाद’ म्हणणारीं आणि हजारों नवीं पानें ‘संभाजीनगर’ म्हणणारीं असतात. त्यांतच बिहारमध्यें औरंगाबाद नांवाचा एक स्वतंत्र जिल्हा आहे, आणि खडकी म्हटलें तर पुण्याजवळची खडकी पुढें येते. ज्या पेढीच्या एका पानावर जुनें नांव, दुसऱ्यावर नवें व तिसऱ्यावर नुसतें ‘एम.आय.डी.सी.जवळ’ एवढेंच लिहिलें असेल, ती एक पेढी आहे कीं तीन, याचा यंत्रास संशय पडल्यास नवल नाहीं.

ही अडचण आपणांस अगदींच अपरिचित नाहीं. आपल्या टपालखात्यानें तिच्यावर पूर्वींच एक तोड काढली होती. एकाच नांवाचीं अनेक गांवें, निरनिराळ्या भाषा आणि दुर्बोध अक्षर यांमुळें पत्रें भलतीकडे जात. त्यावर श्रीराम भिकाजी वेलणकर यांनीं सहा आंकड्यांच्या पिन कोडाची योजना तयार केली आणि ती १५ ऑगस्ट १९७२ पासून अमलांत आली. वेलणकर हे टपालखात्यांतील अधिकारी आणि संस्कृतचे कवीही होते. पहिल्या आंकड्यानें विभाग, पहिल्या तीन आंकड्यांनीं पत्रें वेगळीं करण्याचा जिल्हा आणि शेवटच्या तीन आंकड्यांनीं वाटपाचें टपालघर कळतें. पत्रावर औरंगाबाद लिहा कीं संभाजीनगर, ४३१००१ हा आंकडा असला म्हणजे तें बिहारला जात नाहीं.

हिशेबनिसांच्या टेबलावर तर अशा रचना नित्य असतात. आयकराच्या पॅन क्रमांकाचें चौथें अक्षर पाहिलें म्हणजे तो व्यक्तीचा, कंपनीचा कीं भागीदारी पेढीचा हें समजतें. व्यक्तीस ‘पी’, कंपनीस ‘सी’, पेढीस ‘एफ’. वस्तु व सेवा कराच्या पंधरा अंकाक्षरी क्रमांकांत पहिले दोन आंकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७, आणि पुढील दहा अंकाक्षरें म्हणजे तोच पॅन. प्रत्येक जागेचा अर्थ आधींच ठरलेला असल्यामुळें तर्कास वाव राहत नाहीं. संरचित माहिती म्हणतात ती हीच.

संकेतस्थळांसाठीं अशी ठरलेली परिभाषा गूगल, बिंग व याहू या तीन शोधसेवांनीं एकत्र येऊन जून २०११ मध्यें ‘स्कीमा डॉट ऑर्ग’ या नांवानें प्रसिद्ध केली. रशियाची यांडेक्स ही सेवाही त्याच वर्षीं तींत सामील झाली. ती लिहिण्याची ‘जेसन-एलडी’ नांवाची पद्धति जानेवारी २०१४ मध्यें जागतिक वेब संघटनेनें मान्य केली. वाचकास न दिसणारा एक छोटासा मजकूर पानाच्या संहितेंत ठेवावयाचा, आणि त्यांत एका बाजूस खात्याचें नांव व दुसऱ्या बाजूस त्यांतील नोंद, असें तिचें स्वरूप असतें. या परिभाषेंत हिशेबाच्या पेढीसाठीं ‘अकाउंटिंग सर्व्हिस’ हा स्वतंत्र प्रकार आहे. तो वित्तीय सेवेचा पोटप्रकार व वित्तीय सेवा ही स्थानिक व्यवसायाचा पोटप्रकार होय. म्हणजे एवढा एक शब्द लिहिला कीं, ही पेढी विशिष्ट जागीं असून तिला पत्ता व कामाच्या वेळा असतात, हें यंत्र आपोआप गृहीत धरतें.

त्यानंतर कोणत्या नोंदी कराव्यात? पेढीचें नोंदलेलें पूर्ण नांव, सर्वत्र एकाच रीतीनें, पत्ता व पिन कोड, नकाशावरील अक्षांश-रेखांश, दूरध्वनि, कामाचे दिवस व वेळा. शहराच्या नोंदींत छत्रपती संभाजीनगर हें नांव मुख्य ठेवून औरंगाबाद हें पर्यायी नांव म्हणून द्यावें. कामाचें क्षेत्र वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, पैठण असें ज्या त्या नांवानिशीं सांगावें. लेखापरीक्षण, आयकर, वस्तु व सेवा कर, सहकारी संस्थांचे हिशेब या सेवा निरनिराळ्या लिहाव्यात. मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी यांपैकीं ज्या भाषांत काम चालतें त्या नमूद कराव्यात. ‘सेम ॲज’ नांवाचें एक खातें आहे. त्यांत याच पेढीच्या अन्यत्र असलेल्या अधिकृत नोंदींचे दुवे देतां येतात. नांवांच्या गोंधळावर याइतका उपयोगी दुसरा उपाय नाहीं, कारण विखुरलेल्या नोंदी एकाच खात्यावर आणून बसविण्याचें काम तें करतें. शेवटीं, लेखाच्या पानावर तो केव्हां सुधारला ती तारीख असावी. १९६१च्या आयकर कायद्याच्या जागीं आलेल्या २०२५च्या कायद्याचा अंमल १ एप्रिल २०२६ पासून ठरविलेला आहे. अशा बदलाच्या काळांत तारीख नसलेला लेख जुना कीं नवा, हें यंत्रास काय, माणसासही कळत नाहीं.

येथें एका गोष्टीचा स्पष्ट उल्लेख करणें आवश्यक आहे. या नोंदी केल्यानें पेढीचें नांव उत्तरांत येईलच अशी हमी कोणी देत असेल, तर ती मानूं नये. आपल्या यंत्ररचित उत्तरांत येण्यासाठीं कोणत्याही खास संरचित माहितीची आवश्यकता नाहीं, असें खुद्द गूगलनेंच आपल्या मार्गदर्शनांत सांगितलें आहे. संहितेंतील नोंद पानावर दिसणाऱ्या मजकुराशीं जुळली पाहिजे, एवढा मात्र तिचा आग्रह आहे. कांहीं यंत्रें उत्तर रचतांना केवळ दिसणारा मजकूरच वाचतात. यास्तव पत्ता, वेळा व सेवा हीं आधीं साध्या मराठींत व इंग्रजींत पानावर लिहावींत आणि मग त्यांचीच नोंद संहितेंत करावी. रोजकीर्दींत नसलेली रक्कम खतावणींत दिसूं लागली तर तपासनीस काय म्हणेल, हें या व्यवसायांतील मंडळींना सांगणें नकोच. स्वतःच्या संकेतस्थळावर स्वतःलाच दिलेल्या तारांकित शिफारशी दाखविणें गूगलनें २०१९ मध्यें बंद केलें. नोंदीचें काम ओळख पटविण्याचें आहे. योग्यता ठरते ती पेढीच्या कामावरून, तिच्या लेखांच्या उपयुक्ततेवरून आणि इतरांनीं तिचा जो निर्देश केला असेल त्यावरून.

सनदी लेखापालांस आणखी एक मर्यादा पाळावी लागते. १९४९च्या चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत जाहिरातीनें किंवा आर्जवानें अशील मिळविणें हें व्यावसायिक गैरवर्तन मानलें आहे. संकेतस्थळास त्यांच्या संस्थेनें परवानगी दिली ती, शोधीत आलेल्यास माहिती मिळावी, पेढीनें दारोदार हांक मारूं नये, या समजुतीवर. यासंबंधींचे नियम वेळोवेळीं सुधारले जातात; तेव्हां प्रत्येक पेढीनें चालू नियम पाहूनच मजकूर ठेवावा. परंतु संरचित माहितीचा स्वभाव या बंधनास प्रतिकूल नाहीं, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. ‘सर्वोत्तम’, ‘अग्रगण्य’ अशा विशेषणांस तिच्यांत खातेंच नाहीं. कोण, कोठें, केव्हां, कोणतें काम, कोणत्या भाषेंत, एवढेंच ती विचारते. ज्या व्यवसायास आत्मस्तुति वर्ज्य आहे, त्यास आपली ओळख देण्याची याहून शोभेल अशी दुसरी रीत क्वचितच सांपडेल.

आतां ज्या कुटुंबांस हिशेबनिसाची केवळ गरज आहे, त्यांनीं यांतून काय घ्यावें? यंत्रानें दिलेलें नांव ही शिफारस न समजतां वाट दाखविणारी पाटी समजावी. त्या पेढीच्या संकेतस्थळावरील पत्ता, वेळा व सेवा स्वतः पाहाव्यात. पत्ता याच शहराचा आहे ना, हें पिन कोडावरून पडताळावें. आणि सनद असल्याचा दावा असेल तर सदस्य क्रमांक विचारण्यास संकोच करूं नये. पेढ्यांनीं वर्षाच्या हिशेबाची अखेर करतांना आपल्या या छोट्या खतावणीवरूनही एकदां नजर फिरवावी. कचेरी हलली असेल, भागीदार बदलला असेल, दूरध्वनीचा क्रमांक नवा असेल. या कामास एक दुपार पुरे होते, आणि तेवढ्यानें वाळूजचा तो कारखानदार बंद दारापाशीं न जातां योग्य कचेरींत येऊन पोंचतो.